सत्तर टक्क्यांपर्यंत

कंपनीचं पत्र आलं तेव्हा बाईंनी आधी चष्मा पुसला, मग लाल पेन शोधलं आणि त्यानंतरच पाकीट फोडलं. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेल्या माणसाला पत्र नुसतं वाचता येत नाही हो, ते तपासावंच लागतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना अजून बाईच म्हणायची. कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या पाटीत एक वेलांटी चुकली होती, तर बाई येताना दिसल्या की तो बिचारा धावत येऊन पाटीच्या पुढ्यात उभा राहायचा.

पत्र असं होतं: 'महोदया, सदर वाहनाच्या बॅटरीच्या क्षमतेमध्ये झालेली घट ही सामान्य स्वरूपाची असून सदर बाब अपेक्षित मर्यादेमध्ये आहे. सदर तक्रारीबद्दल आपले आभार मानण्यात येत आहेत.'

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिन्ही 'सदर'भोवती लाल गोल केले. समासात लिहिलं, 'सामान्य म्हणजे काय? व्याख्या द्या.' खाली लिहिलं, 'आभार मानण्यात येत आहेत, पण मानतंय कोण? वाक्याला कर्ता नाही.' मग सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात, 'दहापैकी तीन. पुन्हा लिहून आणा.' तेच पत्र नव्या पाकिटात घातलं आणि आल्या पत्त्यावर परत पाठवून दिलं.

आता एवढं चिडण्यासारखं झालं तरी काय होतं? तर गाडी दमायला लागली होती.

गाडी विजेवरची, छोटीशी. भावोजी गेले आणि अक्का डोंगरावरच्या त्या घरात एकटी उरली, त्याच वर्षी बाईंनी ती घेतली होती. अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण, वय शहात्तर, स्वभाव कडक. खाली यायला ती तयार नाही. फोनवर तिला धड ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर दोघींचं बोलणं म्हणजे दोन भिंतींचं बोलणं. बस आठवड्यातून दोनदा, आणि नेमकी रविवारी नाही. म्हणून दर रविवारी सकाळी बाई गाडी काढायच्या, पंच्याहत्तर किलोमीटर चढून अक्काकडे जायच्या, दिवसभर तिच्याशी भांडायच्या आणि पाचच्या ठोक्याला निघून घरी परत यायच्या. पाच वर्षांत हा नेम चुकला नव्हता.

सुरुवातीला जाऊन-येऊन सुद्धा बॅटरीत तिसरा हिस्सा शिल्लक राहायचा. मग चौथा राहायला लागला. मग दहा टक्के. गेल्या महिन्यात तर परतताना शेवटचे अकरा किलोमीटर बाईंनी हीटर बंद, रेडिओ बंद, असे काढले होते. एका ट्रकच्या मागे मागे, जीव मुठीत धरून. अक्काने दिलेली लिंबांची जड पिशवी वाटेत कुणाला तरी देऊन टाकावी असंही मनात येऊन गेलं. दाराशी पोचल्या तेव्हा पडद्यावर तीन टक्के होते. अजून पाच किलोमीटर असते तर ढकलायला माणसं बोलवावी लागली असती. अशानं अक्काकडचा रविवार किती दिवस टिकणार, ही एकच धास्ती बाईंना होती. बाकी गाडीचं काय, ती लोखंडाची वस्तू.

सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर एक टायवाला बसायचा. त्याचं नाव खिशावर लिहिलेलं होतं, पण ते इतकं बारीक की बाईंनी ते वाचायची तसदी घेतली नाही. त्याने गाडीला यंत्र जोडलं, एक कागद छापून आणला आणि हसून म्हणाला, "बहात्तर टक्के क्षमता आहे, मॅडम. एकदम नॉर्मल."

"नवी होती तेव्हा शंभर होती ना?"

"हो."

"मग अठ्ठावीस कुठे गेले?"

टायवाल्याने छताकडे पाहिलं, जणू तिकडे गेले असावेत. मग त्याने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. "थोडी काळजी घ्यायची, मॅडम. बॅटरी पूर्ण भरायची नाही, ऐंशीपर्यंतच भरायची. पूर्ण रिकामीही होऊ द्यायची नाही. जलद चार्जिंग टाळायचं. कडक उन्हात उभी करायची नाही, फार थंडीत चालवायची नाही, चढावर जपून..."

"म्हणजे गाडी घ्यायची आणि गादीवर निजवून ठेवायची?"

"तसं नाही मॅडम, चालवायची, पण..."

"पण सपाट रस्त्यावर, वसंत ऋतूत, अर्ध्या पोटी."

 टायवाल्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, आणि बाईंनाही ते कळत होतं, पण समोर तोच होता ना! शेवटी त्याने हळूच सांगितलं, "आठ वर्षांची हमी आहे, मॅडम. सत्तरला आली की कंपनी बदलून देते. बहात्तरला काही करता येत नाही." तेवढा एक धागा धरून बाई घरी आल्या होत्या आणि त्यांनी कंपनीला पहिलं पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर तुम्ही वाचलंतच.

दहाव्या दिवशी दुसरं उत्तर आलं. बाईंनी उघडून पाहिलं आणि भुवया वर गेल्या. पठ्ठ्याने खरंच पुन्हा लिहून आणलं होतं! 'सदर' एकही नाही. 'आम्ही आपले आभार मानतो' असं वाक्य होतं, कर्त्यासकट. 'सामान्य म्हणजे, याच वयाच्या बहुतेक गाड्यांमध्ये इतकी घट आढळते' अशी व्याख्याही होती. खाली सही फक्त 'पत्रव्यवहार अधिकारी' अशी. उत्तर नकाराचंच होतं, पण बाईंना उगाच बरं वाटलं. त्यांनी सहा मार्क दिले.

पत्रासोबत हमीच्या अटींचं एक पान जोडलं होतं. 'आठ वर्षांच्या आत बॅटरीची क्षमता सत्तर टक्क्यांपर्यंत खाली आल्यास बॅटरी विनामूल्य बदलून देण्यात येईल.' हे काही त्यांना तपासायला पाठवलेलं नव्हतं. पण हातात लाल पेन असलं की बाईंना थांबवणार कोण? त्यांना ते वाक्य बोजड वाटलं. 'पर्यंत' आणि 'खाली आल्यास' अशी दोन ओझी एकाच वाक्याच्या पाठीवर कशाला? त्यांनी 'सत्तर टक्क्यांपर्यंत खाली आल्यास' यावर काट मारली आणि वर सुबक अक्षरात लिहिलं, 'सत्तर टक्क्यांच्या खाली गेल्यास.' बाजूला शेरा दिला, 'असे सुटसुटीत लिहावे.' आणि तेही पान परत पाठवून दिलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना माणूस किती नीटनेटका असतो बघा.

मग थंडी आली. थंडीत या बॅटऱ्या आणखी आखडतात. पहिल्याच कडक रविवारी बाई अक्काकडे पोचल्या तेव्हा पडद्यावर छत्तीस टक्के उरले होते. घरी जायला ते पुरणार नाहीत, हे सांगायला गणिताचा शिक्षक नको होता.

"इथेच लाव की वायर," अक्का म्हणाली. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून."

वायर लावली आणि घरातला फ्यूज उडाला. घराचं वायरिंग जुनं, अक्काची शेगडी विजेची, हीटर विजेचा. त्या दोन्हींच्या जोडीला गाडी आली की सगळं घर अंधारात. अक्का म्हणाली, "हे बघ, मी थंडीनं कुडकुडणार नाही आणि उपाशीही राहणार नाही. गाडीला काय जेवायचं ते माझं सगळं आटोपल्यावर जेवू दे."

त्यामुळे बाईंना मुक्काम करावा लागला. पाच वर्षांत पहिल्यांदा. 'राहा' हा शब्द अक्काच्या जिभेवर कधी येत नसे, आणि न बोलावता राहणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. आता बॅटरीनेच प्रश्न सोडवला म्हटल्यावर दोघींपैकी कुणालाच वाकावं लागलं नाही. सोमवारी सकाळी उठल्या उठल्या चहावरून वाद झाला. अक्का चहा फार उकळते, म्हणून. मग खिडकीच्या पडद्यांवरून झाला. मग लहानपणी दोघींच्या सामायिक छत्रीचा दांडा कोणी मोडला होता, यावर तासभर साग्रसंगीत झाला. दहा वाजता गाडी भरली आणि बाई निघाल्या. वाटेत त्या स्वतःशीच गुणगुणत होत्या, आणि आपण गुणगुणतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी घसा खाकरला.

थंडीभर असंच चाललं. जायचं, अडकायचं, राहायचं. पण प्रत्येक वेळी चढताना बाईंची नजर रस्त्यापेक्षा पडद्यावरच जास्त असायची. एका रविवारी वर पोचताना सतराच टक्के उरले. आज परतीचे वांधे आहेत, पुढच्या थंडीत वर पोचायचेच वांधे होतील. मग अक्काकडे जाणार कोण? आणि अक्काशी बोलणार कोण?

थंडी सरल्यावर त्यांनी गाडी पुन्हा टायवाल्याकडे नेली. त्याने यंत्र जोडलं, कागद छापला आणि थोडा घाबरतच पुढे केला. "सत्तर, मॅडम."

"किती?"

"बरोबर सत्तर."

बाईंनी त्याला चक्क शाबासकी दिली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचे मार्क कमी झाले म्हणून त्यांना इतका आनंद झाला असेल. त्याच दिवशी कंपनीला अर्ज गेला. आता काय, आठवड्यात नवी बॅटरी आणि अक्काचा रविवार पक्का!

उत्तर आलं. बाईंनी लाल पेन हातात घेऊन वाचायला सुरुवात केली. 'आपण केलेल्या सूचनेनुसार आम्ही हमीच्या अटींचे शब्द सुधारले आहेत. सुधारित शब्दांप्रमाणे क्षमता सत्तर टक्क्यांच्या खाली जायला हवी. आपली बॅटरी सत्तर टक्क्यांवर आहे, खाली नाही. म्हणून आम्ही ती बदलून देऊ शकत नाही. आपल्या मार्गदर्शनाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.'

बाईंनी ते तीनदा वाचलं. एक चूक सापडेना. स्वल्पविराम जिथल्या तिथे, कर्ता, कर्म, क्रियापद सगळे हजर. इतकं स्वच्छ पत्र त्यांच्या वर्गात चौतीस वर्षांत कुणी लिहिलं नव्हतं. पेन त्यांनी खाली ठेवलं.  आपण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांत हात घालत आलो आणि आज आपल्याच हाताने अक्काच्या घराची वाट बंद केली, असं त्यांना वाटलं, आणि फार वाईट वाटलं. त्या रविवारी त्या गेल्या, मुक्काम केला, पण अक्काला काही बोलल्या नाहीत. भांडणातही जोर नव्हता. अक्काने दोनदा विचारलं, "बरं नाही का गं तुला?"

मंगळवारी दुपारी फोन वाजला. पलीकडून एक दबका, अवघडलेला आवाज आला. "नमस्कार, बाई. मी कंपनीतून बोलतोय. मी तो... तीन मार्कांवाला."

बाई एकदम ताठ बसल्या. "पत्रव्यवहार अधिकारी?"

"हो. शेवटच्या पत्राला मार्क आले नाहीत. तुमचं पत्र येतं का, म्हणून मी रोज टपाल बघत होतो."

"दहा," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "दहापैकी दहा. अभिनंदन. माझाच गळा कापलात, पण सुरेख कापलात."

 "बाई, ते शब्द मी माझ्या मनानं बदलले नाहीत. तुमचं पान मी साहेबांना दाखवलं, गंमत म्हणून. साहेबांना ती दुरुस्ती इतकी आवडली की त्यांनी लगेच छापायला दिली. का आवडली ते मला तेव्हा कळलं नाही. तुमचा अर्ज आला तेव्हा कळलं." त्याने आवाज आणखी खाली आणला. "गाडी घेताना तुम्हाला एक पुस्तिका मिळाली होती. ती आहे का?"

बाईंकडे नसणार कशी? त्यांच्याकडे पहिल्या नोकरीच्या नेमणुकीचं पत्रही होतं. पुस्तिका कपाटातल्या तिसऱ्या कप्प्यात सापडली.

"पान एकोणीस," तो म्हणाला. "मोठ्यानं वाचा."

बाईंनी वाचलं. "बॅटरीची क्षमता सत्तर टक्क्यांपर्यंत खाली आल्यास..." आणि त्या थांबल्या.

"गाडी घेताना जे हातात दिलं, तेच तुमच्या गाडीला लागू. नंतरचे शब्द नंतरच्या लोकांना. आता मला एक सांगा, बाई. मी भाषेत कच्चा आहे. पर्यंत म्हणजे नक्की काय?"

"अरे, मी दारापर्यंत गेले म्हटलं, तर दार आलं की नाही?"

"आलं."

"मग सत्तरपर्यंत म्हटलं की सत्तर आलं!" बाई जवळजवळ ओरडल्याच.

"हेच लिहून पाठवा. आणि हे मी सांगितलं असं मात्र लिहू नका. मला नोकरी टिकवायची आहे."

बाईंनी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिले आणि लगेच लिहायला बसल्या. पहिला परिच्छेद झरझर उतरला. पान एकोणीस, पर्यंत, दार, सगळं. पाकीट चिकटवणार, इतक्यात त्याचं एक वाक्य त्यांना टोचलं. नंतरचे शब्द नंतरच्या लोकांना. म्हणजे आज जो कुणी ही गाडी घेईल, त्याची बॅटरी सत्तरवर येऊन अडकली की कंपनी त्याच्या तोंडाला पानं पुसणार, आणि तेही बाईंच्या अक्षरातल्या दुरुस्तीच्या जोरावर.

चौतीस वर्षांत बाईंनी एकदा मारलेली लाल रेघ कधी मागे घेतली नव्हती. पालक येऊन रडले तरी नाही, मुख्याध्यापकांनी गळ घातली तरी नाही. त्यांनी कागद पुन्हा पुढ्यात ओढला.  मग लिहिलं, 'हमीच्या वाक्यात मी केलेली दुरुस्ती चूक होती. मूळ शब्द बरोबर होता. मी माझी दुरुस्ती मागे घेते. सर्व नव्या पुस्तिकांत तो शब्द परत घालावा.' खाली सही केली. सही थोडी वाकडी आली.

तीन आठवड्यांनी टायवाल्याचा फोन आला. बॅटरी मंजूर झाली होती. ती त्याने स्वतः उभं राहून बसवून घेतली आणि पडद्यावरचा शंभराचा आकडा बाईंना असा दाखवला, जणू त्याच्याच घरी मूल झालं होतं. दुसऱ्या मागणीवर कंपनीचं वेगळं उत्तर आलं, 'आपली सूचना विचाराधीन आहे.' त्यावर बाईंनी भोपळा दिला आणि पत्र परत पाठवलं. त्यानंतर दर सोमवारी त्यांचं एक पत्र कंपनीला जायला लागलं, आणि ते त्या सोडणार नव्हत्या.

नवी बॅटरी बसल्यावरच्या पहिल्याच रविवारी बाई डोंगर चढल्या त्या वाऱ्यावर स्वार होऊनच. हीटर चालू, रेडिओ चालू. वर पोचल्या तेव्हा पडद्यावर साठ टक्के होते. घरात शिरता शिरताच त्या ओरडल्या, "अक्का, मिळाली! कंपनीनं बॅटरी बदलून दिली. अगदी नवी कोरी!"

अक्का टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "बरं झालं," म्हणाली.

"बरं झालं काय! अगं, सहा महिने भांडले मी त्यांच्याशी."

"चांगलं केलंस."

दिवसभर अक्का अशीच होती. चहा नीट केला, अजिबात उकळला नाही. बाईंनी मुद्दाम छत्रीचा विषय काढला, तर म्हणाली, "असेल, मीच मोडला असेल."  छत्रीचा दांडा बाईंनीच मोडला होता, हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. बाईंनी सवयीनं पर्स उचलली. अक्काने लिंबांची पिशवी आणून दाराशी ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

"कोणी सांगितलं होतं त्यांना एवढं चांगलं वागायला?" ती एकदम म्हणाली.

"कोणाला?"

"तुझ्या त्या कंपनीला! एरवी म्हणे लोकांना हेलपाटे घालायला लावतात, वर्षवर्ष दाद देत नाहीत. आणि तुझ्या एकटीसाठी बरे धावत आले." अक्काचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "तुझी गाडी भरायची नाही ना, तेव्हा सोमवारी सकाळी घरात कुणीतरी असायचं. मी उठले की स्वयंपाकघरात आधीच भांड्यांचा आवाज व्हायचा. आता तू पाचला जाशील. जा. जा लवकर, उजेड आहे तोवर."

बाई पर्स हातात धरून उभ्या राहिल्या. थंडीभर त्या गाडीच्या पडद्याकडे टक लावून बसल्या होत्या, आणि अक्काच्या तोंडाकडे त्यांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. थोरली बहीण केवढी लहान दिसत होती. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

त्यांनी पर्स परत खुंटीला अडकवली.

"मी राहते," त्या म्हणाल्या.

अक्काने कानामागे हात धरला. "काय?"

"राहते म्हटलं! आज राहते!"

"का? बॅटरी संपली?"

"बॅटरी भरलेली आहे. तरी राहते."

 अक्काने नाक ओढलं आणि नेहमीच्या फणकाऱ्यानं म्हणाली, "मग हे सकाळीच बोलायचं ना! मी एकटीपुरतंच शिजवायला घेणार होते." आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने फळीवरचं मोठं पातेलं काढलं.